पोटॅशियम राखणारी गोळी : शहाळे, उपवास आणि विवेक

दापोलीहून समुद्राकडे उतरणारा रस्ता बारा-तेरा किलोमीटरांवर मुरुडला पोहोचतो. जंजिऱ्यामुळे प्रसिद्ध झालेले मुरुड रायगड जिल्ह्यातले. रत्नागिरी जिल्ह्यातील हे मुरुड महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. उत्तरेस हर्णै, दक्षिणेस कर्दे, आणि मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्यांनी झाकलेली ही वस्ती. सुट्टीच्या दिवसांत मुंबई-पुण्याची कुटुंबे येथे येतात, तेव्हा पाहुण्याच्या हाती सर्वांत आधी दिले जाते ते शहाळे. जैन कुटुंबांना त्याचे अगत्य थोडे अधिकच. त्यात कंदमुळाचा संबंध नाही, शिळेपणाची शंका नाही. डोळ्यांदेखत फोडले जाते आणि तिथीचा नियम नसेल, तर सूर्यास्तापूर्वी निश्चिंतपणे घेता येते. आजाऱ्यालाही खुशाल द्यावे, असा त्याचा लौकिक आहे.

बहुतेकांच्या बाबतीत हा लौकिक सार्थ आहे. मात्र घरातील ज्या ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात हृदयासाठी, यकृतासाठी किंवा रक्तदाबासाठी दिलेली एका विशिष्ट जातीची 'लघवीची गोळी' असते, त्यांनी शहाळे तोंडाला लावण्यापूर्वी क्षणभर थांबायला हवे. ही गोळी शरीरातील पोटॅशियम राखून ठेवते. शहाळे पोटॅशियम भरभरून देते. आणि उपवासात पाणी कमी पडले, की पोटॅशियम बाहेर टाकणारी मूत्रपिंडे मंदावतात. गोळी, शहाळे आणि उपवास यांतील एकही गोष्ट मुळात वाईट नाही. परंतु तिन्ही एकाच वेळी एकाच देहात एकत्र आल्या, तर हृदयाची लय बिघडू शकते, प्रसंगी ते थांबूही शकते. म्हणून या गोळीचे कार्य, तिचे गुण आणि तिची पथ्ये घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला ठाऊक असावीत.

मूत्रपिंडाचा जमाखर्च

आपली दोन मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. त्यातील जवळजवळ सर्व पाणी आणि क्षार ती पुन्हा रक्तात घेतात. उरते ते लिटर-दीड लिटर मूत्र. या परत घेण्याच्या कामातील शेवटचा टप्पा अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या 'अल्डोस्टेरोन' या संप्रेरकाच्या आज्ञेने चालतो. सोडियम आत घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकायचे, अशी ती आज्ञा. सोडियमच्या मागोमाग पाणीही शरीरात राहते.

निरोगी माणसात ही व्यवस्था उत्तम चालते. पण हृदय दुर्बळ झाले किंवा यकृताला जुनाट आजार जडला, की अल्डोस्टेरोन गरजेपेक्षा अधिक स्रवू लागते. मग पाय सुजतात, पोटात पाणी साठते, झोपल्यावर दम लागतो. हे जादा पाणी काढण्यासाठी मूत्रल औषधे दिली जातात. फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड यांसारखी जोरकस मूत्रले आणि थायाझाइड वर्गातील सौम्य मूत्रले पाण्यासोबत पोटॅशियमही वाहून नेतात. त्यामुळे पोटॅशियम घटून अशक्तपणा येतो, पायांत गोळे येतात, हृदयाची लय चुकते.

पोटॅशियम राखणारी मूत्रले यांच्या उलट वागतात. स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन ही औषधे अल्डोस्टेरोनला त्याच्या जागेवर बसू देत नाहीत. अमिलोराइड आणि ट्रायमटेरीन ही औषधे मूत्रनलिकेतील सोडियमची वाटच बंद करतात. दोन्ही प्रकारांत परिणाम सारखा : सोडियम आणि पाणी बाहेर जाते, पोटॅशियम मागे राहते. अल्डोस्टेरोन १९५३ साली शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले, आणि त्याला अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन त्यानंतर काही वर्षांतच वापरात आले. आज ते जुने, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे औषध आहे.

पोटॅशियम मागे राहिले तर बिघडले कोठे, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशींबाहेरच्या सर्व द्रवांत मिळून ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम असते, आणि हृदयाचा प्रत्येक ठोका आतल्या-बाहेरच्या या तफावतीवर अवलंबून असतो. रक्तातील पोटॅशियम साधारणपणे दर लिटरला ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असावे लागते. ते साडेपाचच्या वर गेले की वैद्य सावध होतात. सहाच्या वर जाणे ही तातडीची बाब मानली जाते.

एका औषधाचे यश आणि त्यानंतरचा धडा

या गोळीविषयी भीती वाटून ती कोणी टाकून देऊ नये, म्हणून तिचे यश आधी सांगणे उचित ठरेल. १९९९ साली 'रेल्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीव्र हृदयदौर्बल्य असलेल्या १,६६३ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोनची छोटी मात्रा, बहुधा २५ मिलिग्रॅम, देण्यात आली. ती घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. पुढे २०१५ मध्ये 'पाथवे-२' या चाचणीने दाखवून दिले, की तीन औषधांनाही न जुमानणाऱ्या रक्तदाबावर चौथे औषध म्हणून हीच गोळी सर्वाधिक उपयोगी पडते. यकृताच्या आजारात पोटात साठणाऱ्या पाण्यावर तर ती मुख्य औषधांपैकी एक आहे.

पण कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. 'रेल्स'चे निष्कर्ष प्रसिद्ध होताच जगभर ही गोळी सढळ हाताने लिहिली जाऊ लागली. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हृदयदौर्बल्याच्या वृद्ध रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ मध्ये तेथे दर हजार रुग्णांमागे ३४ चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. २००१ मध्ये १४९. त्याच काळात पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दर हजारी २.४ वरून ११ वर गेले आणि त्यामुळे होणारे मृत्यू दर हजारी ०.३ वरून २ वर.

औषध तेच, मात्राही फारशी वेगळी नाही. मग फरक कशाने पडला? चाचणीत रुग्ण निवडून घेतले होते. ज्यांची मूत्रपिंडे फार अशक्त होती किंवा ज्यांचे पोटॅशियम मुळातच वरच्या बाजूला होते, त्यांना वगळले होते, आणि प्रत्येकाचे रक्त ठरावीक दिवशी तपासले जात होते. व्यवहारात ही दक्षता सैल पडली. गोळी घराघरांत पोहोचली, तिच्याबरोबर यायला हवी होती ती देखरेख मात्र पोहोचली नाही.

शहाळे आणि जैन स्वयंपाकघर

शहाळ्याच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. भरलेल्या शहाळ्यात ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी धरले, तर पोटॅशियम पाऊण ते एक ग्रॅम होते. पेशींबाहेरच्या सर्व द्रवांतले पोटॅशियम दोन-अडीच ग्रॅम असते, हे आठवले म्हणजे या आकड्याचा अर्थ ध्यानात येतो. निरोगी शरीर हा भार सहज पेलते : इन्सुलिन बरेचसे पोटॅशियम पेशींत ढकलते आणि मूत्रपिंडे उरलेले काही तासांत बाहेर टाकतात. गोळी घेणाऱ्याच्या शरीरात नेमका हा दुसरा मार्ग अरुंद झालेला असतो. त्याला मधुमेह असेल, तर पहिलाही पुरता मोकळा नसतो. एक शहाळे प्रत्येकालाच अपाय करील असे नाही. परंतु समुद्रकिनारी चार दिवस मुक्काम, उकाडा, घाम, आणि सकाळ-संध्याकाळ एकेक शहाळे हा क्रम अशा रुग्णासाठी धोक्याचा आहे.

रुग्णालयांतून मिळणाऱ्या पथ्याच्या कागदावर पोटॅशियमयुक्त पदार्थांत बटाटा, रताळे, बीट यांची नावे अग्रभागी असतात. जैन घरात तो कागद वाचून साहजिकच वाटते, की हे आपण खातच नाही. पण बटाट्याच्या जागी आपल्याकडे कच्चे केळे येते. जैन पावभाजी, जैन वडा, उपवासाचे काप, वेफर्स या सर्वांचा आधार तेच. आणि कच्च्या केळ्यातील पोटॅशियम वजनास वजन धरले तर बटाट्याइतके, किंबहुना थोडे अधिकच आहे. ग्रेव्हीला दाटपणा आणणारा टोमॅटोचा रस आणि काजूची पेस्ट, मुखवासाच्या डबीतील मनुका आणि खजूर यांतही ते विपुल असते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असली की त्या दिवशी कडधान्ये आणि डाळी अधिक खाल्ल्या जातात. त्यांचाही हिशेब धरावा लागतो.

कोकणच्या फळांपैकी फणस जपून खावा. पिकलेल्या केळ्यांचेही तसेच. हापूस आंब्यात मात्र केळ्याच्या निम्म्याहून कमी पोटॅशियम असते; डॉक्टरांनी साखरेमुळे मनाई केली नसेल, तर त्याच्या दोन-चार फोडींनी बिघडत नाही. सफरचंद, पेर, अननस ही फळे आणि दुधी, काकडी, कोबी या भाज्या तुलनेने सौम्य आहेत. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे तिच्यातले बरेच पोटॅशियम निघून जाते. डाळीचे किंवा भाजीचे कढण 'हलके' म्हणून आजाऱ्याला पाजण्याची आपली रीत आहे. पण पदार्थातून सुटलेले पोटॅशियम त्या पाण्यातच उतरलेले असते.

कोणते पदार्थ पूर्ण बंद आणि कोणते किती, याचा निर्णय रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरांनी करायचा असतो. ज्याचे पोटॅशियम खालच्या बाजूला आहे, त्याला कदाचित केळे खायला सांगितले जाईल. शेजाऱ्याचे पथ्य आपले पथ्य नव्हे.

मिठाची पुडी

रक्तदाब असलेल्यांच्या घरी अलीकडे 'लो सोडियम' मीठ येऊ लागले आहे. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग कमी करून त्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. सर्वसामान्य माणसाला हे मीठ उपकारक आहे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण घटलेले दिसले. मात्र पोटॅशियम राखणारी मूत्रले घेणाऱ्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. इतकेच नव्हे, तर ज्यांच्या घरातील दुसरे कोणी ती घेत होते, त्यांनाही वगळले होते. कारण उघड आहे : एका चुलीवरच्या स्वयंपाकात मीठ एकच असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये या मिठाची शिफारस करताना मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांना आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांना तीतून वगळले आहे.

सैंधवाबद्दलही एक गैरसमज दूर व्हावा. सैंधव म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पोटॅशियमच्या दृष्टीने ते लो सोडियम मिठाइतके धोक्याचे नाही. पण सूज आणि रक्तदाब यांच्या दृष्टीने ते साध्या मिठाहून वेगळे नाही. उपवासाचे म्हणून ते हात सैल सोडून घालू नये.

उपवास, आयंबिल आणि पारणे

तिविहार उपवासात सूर्योदयानंतर ठरल्या वेळेपासून सूर्यास्तापर्यंत केवळ उकळलेले पाणी घ्यायचे. चौविहारात तेही नाही. निरोगी देह हे सहज सोसतो. मूत्रल घेणाऱ्याच्या देहात मात्र तीन गोष्टी एकदम घडतात. गोळी पाणी बाहेर काढतच असते. आत येणारे पाणी कमी होते. त्यामुळे रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त घटते. अशा स्थितीत मूत्रपिंडे पोटॅशियम टाकण्यात मागे पडतात. शिवाय पोटात अन्न नसल्याने इन्सुलिन कमी स्रवते आणि पोटॅशियम पेशींत ढकलण्याचे कामही मंदावते. म्हणजे तोंडावाटे पोटॅशियमचा कणही न जाता रक्तातील त्याचे प्रमाण चढू शकते.

यावर घरोघरी एक तोडगा निघतो : "उपवासाच्या दिवशी गोळी घेऊ नये, म्हणजे झाले." हा तोडगा फसवा आहे. स्पायरोनोलॅक्टोनपासून शरीरात तयार होणारे कार्यकारी घटक रक्तात दीर्घकाळ टिकतात आणि गोळी थांबवल्यावरही तिचा प्रभाव दोन-तीन दिवस राहतो. म्हणून एका दिवसाची गोळी चुकवल्याने त्या दिवसाचा धोका टळत नाही. उलट अठ्ठाईसाठी आठ दिवस स्वतःच्या मनाने गोळी बंद ठेवली, तर हृदयदौर्बल्याच्या रुग्णाच्या फुप्फुसात पाणी साठण्याचे भय असते. दोन्हीकडे तोटा होऊ नये, यासाठी तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वी, निदान आठ-दहा दिवस आधी, डॉक्टरांशी बोलणे हाच मार्ग आहे. पर्युषण, दशलक्षण किंवा चैत्र-आश्विनातील नऊ दिवसांची ओळी यांच्या तारखा पंचांगात आधीच कळतात. रक्ताची तपासणी त्यांच्या आधी करून घेता येते.

एकासणे किंवा आयंबिल करणाऱ्यांना पुष्कळदा सोय करून देता येते. स्पायरोनोलॅक्टोन अन्नासोबत अधिक चांगले शोषले जाते. दिवसातून एकदाच घ्यायचे असेल, तर एकवेळच्या आहाराशी त्याची सांगड घालणे डॉक्टरांना बहुधा शक्य होते. चौविहार पाळणाऱ्यांनी तो नियम डॉक्टरांना स्पष्ट सांगावा, म्हणजे सर्व मात्रा दिवसा बसवून देता येतात. हृदयरोगामुळे ज्यांना मोजकेच पाणी पिण्यास सांगितले आहे, त्यांनी ते मोजके पाणीही दिवसाच्या तासांत कसे वाटून घ्यावे, हे विचारून घ्यावे.

पारण्याचा दिवस आणखी नाजूक असतो. मुगाचे पाणी, खजूर, मनुकांचे पाणी, शहाळे हे सारे प्रेमाने आणि एकाच वेळी पुढे केले जाते. आधीच्या दिवसांत थकलेल्या मूत्रपिंडांवर त्या एका तासात पोटॅशियमचा मोठा भार पडतो. गोळी घेणाऱ्याचे पारणे साध्या, मोजक्या आहाराने व्हावे आणि ते काय असावे हे आधीच ठरलेले असावे.

डब्यातील इतर औषधे

पोटॅशियम वाढवणारी ही एकटीच गोळी नाही. रक्तदाबासाठी दिली जाणारी एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधेही पोटॅशियम वाढवतात. हृदयरोगात ती या गोळीच्या जोडीने मुद्दाम दिली जातात आणि ती जोडी लाभदायकही असते; पण अशा वेळी रक्ततपासणी अधिक काटेकोर हवी.

खरा घोळ होतो तो विनाचिठ्ठी घेतलेल्या औषधांनी. सामायिकात किंवा प्रतिक्रमणात बराच वेळ बसल्यावर गुडघे दुखतात, आणि औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची पट्टी आणली जाते. ही वेदनाशामके मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि पोटॅशियम वाढवतात. मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिले जाणारे ट्रायमेथोप्रिमयुक्त प्रतिजैविकही तसेच. वृद्धांत हा संयोग विशेष धोक्याचा ठरलेला आहे. डिगॉक्सिन चालू असेल, तर त्याचीही माहिती डॉक्टरांना द्यावी.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे जुने औषध चालूच राहणे. पूर्वी नुसते फ्युरोसेमाइड चालू असताना पोटॅशियम घटले म्हणून पोटॅशियम क्लोराइडचे पातळ औषध दिलेले असते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी राखणारी गोळी सुरू केली, तरी ती बाटली कपाटात तशीच असते आणि सवयीने घेतली जाते. म्हणून प्रत्येक भेटीला औषधांचा सगळा डबा, त्यातील आयुर्वेदिक व घरगुती औषधांसह, बरोबर न्यावा.

गोळी ओळखण्यासाठी पट्टीवरच्या मोठ्या अक्षरांतील नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेले मूळ औषध वाचावे. कित्येक गोळ्यांत दोन औषधे एकत्र असतात : फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन, टॉरसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन, फ्युरोसेमाइड आणि अमिलोराइड. नाव सारखे असूनही मात्रा वेगळी असू शकते. वाचता येत नसेल, तर औषधविक्रेत्याला विचारावे : "यात पोटॅशियम राखणारे काही आहे का?"

रक्ताचा अहवाल

गोळी सुरू करण्यापूर्वी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहिले जाते. सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात, पुन्हा चौथ्या आठवड्याच्या सुमारास, मग पहिल्या काही महिन्यांत अधूनमधून आणि नंतर दर तीन-चार महिन्यांनी, असा साधारण क्रम असतो. मात्रा वाढवली, नवे औषध जोडले किंवा मोठे आजारपण येऊन गेले, की तो पुन्हा पहिल्यापासून धरावा. वय जास्त, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे दौर्बल्य असणाऱ्यांनी तपासणी कधीही लांबवू नये.

मुरुडसारख्या गावात या चाचणीला एक व्यावहारिक अडचण असते. रक्त घरी काढून नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि तो तासन्‌तास तसाच राहिला, तर रक्तपेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते आणि अहवाल खोटाच चढा येतो. दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधला किंवा मूठ वारंवार आवळायला लावली, तरीही आकडा वाढतो. शक्य असेल तेव्हा दापोलीला जाऊन प्रयोगशाळेतच रक्त द्यावे. मात्र चढा अहवाल आला, तर 'नमुना खराब असेल' असा निष्कर्ष घरी काढू नये. तो आकडा त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावा. पुन्हा तपासणी करायची की हृदयाचा आलेख काढायचा, हे ते ठरवतील.

इशारे

वाढलेल्या पोटॅशियमची मोठी अडचण ही, की ते पुष्कळदा कोणतीच चाहूल देत नाही. चाहूल लागलीच तर ती अशी असते : हातापायांतील शक्ती गेल्यासारखे वाटणे, मुंग्या येणे, मळमळ, छातीत धडधड, नाडी मंद किंवा अनियमित होणे, घेरी येणे. उपवासाच्या दिवशी यांतील प्रत्येक लक्षण 'उपवासाची ग्लानी' म्हणून सोडून दिले जाते. ही गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत तसे करू नये. अशा वेळी लिंबू-सरबत किंवा शहाळे पाजून वाट पाहण्याऐवजी रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. तेथे शिरेतून कॅल्शियम देऊन हृदयाचे रक्षण केले जाते आणि ग्लुकोजसोबत इन्सुलिन देऊन पोटॅशियम पेशींत ढकलले जाते. उपचार प्रभावी आहेत. ते वेळेवर मिळायला हवेत. जाताना औषधांचा डबा सोबत असू द्यावा.

जुलाब, उलट्या किंवा तीव्र ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अशा आजारपणात ही गोळी काही दिवस थांबवण्याचा सल्ला बहुधा दिला जातो, आणि ती पुन्हा कधी सुरू करायची हेही ठरवून घ्यावे लागते. याउलट तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, पाय सुजले किंवा दम लागू लागला, तर शरीरात पाणी साठत असल्याची ती खूण आहे. हृदयरोग्याने रोज सकाळी एकाच वेळी वजन करून वहीत नोंदवावे.

स्पायरोनोलॅक्टोनमुळे काही पुरुषांच्या छातीत दुखरी सूज येते. 'रेल्स'मध्ये सुमारे दहापैकी एका पुरुषाला हा त्रास झाला होता. स्त्रियांत पाळी अनियमित होऊ शकते. संकोचाने हे लपवून गोळी गुपचूप बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावे. एप्लेरेनोनने हा त्रास बराच कमी होतो. चेहऱ्यावरील केस किंवा मुरुमे यांसाठी काही तरुणींना हीच गोळी दिली जाते. गर्भधारणा असेल किंवा योजली असेल, तर ती घेऊ नये.

आगार

औषधासाठी तपश्चर्येत सूट घेणे म्हणजे नियमात कमी पडणे, अशी बोच अनेक वृद्धांच्या मनात असते. त्यापोटी ते डॉक्टरांना उपवासाचे सांगत नाहीत आणि घरच्यांना गोळीचे सांगत नाहीत. परंतु पच्चक्खाणाची रचनाच आगारांसहित आहे. देहाला असह्य पीडा झाली आणि चित्ताची समाधी ढळू लागली, तर ती टिकवण्यासाठी औषध घेण्याची मोकळीक त्या आगारांतच समाविष्ट आहे. घेतलेला नियम न मोडता ती वापरता येते. ज्यांना पूर्ण उपवास झेपणार नाही, त्यांच्यासाठी बियासणे आहे, नवकारशी आहे, ऊनोदरी आहे, रसत्याग आहे; स्वाध्याय आणि कायोत्सर्ग हीदेखील तपेच आहेत. कोणते तप आपल्या देहाला साजेल, हे गुरुमहाराजांना विचारताना आपले आजार आणि औषधेही त्यांच्यासमोर निःसंकोच मांडावीत.

घरच्यांचे काम त्याहून सोपे आहे. औषधाच्या डब्याच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवावा. त्यावर गोळीचे मूळ नाव, मात्रा आणि 'पोटॅशियम राखणारी' हे शब्द लिहावेत. खाली शेवटच्या तपासणीची तारीख, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचे आकडे, आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी. मुरुडला सुट्टीसाठी जायचे असो वा पर्युषणात अठ्ठाई करायची असो, निघण्यापूर्वी तो कागद वाचावा. पुढच्या तपासणीची तारीख उलटून गेलेली दिसली, तर आधी रक्त तपासून घ्यावे आणि मग निघावे.